अर्ध्या गोळीचा उन्हाळा

"अर्धी? अर्धी गोळी? कुणी सांगितलं तुम्हाला अर्धी खायला?"

डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. अशा ओरडत होत्या की भिंतीवरच्या पालीनं स्वतःहून शेपूट सोडून दिलं, शेजारच्या खोलीत रक्त द्यायला बसलेल्या माणसाचं रक्त सुईतून माघारी गेलं आणि बाहेर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं घाबरून मीटर टाकलं. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं त्या पालीला जाऊन विचारावं.

"बोला ना! कुणी सांगितलं?"

माझी थोरली बहीण, आक्का, स्टुलावर पदर सावरून बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं आणि हट्टी लेकराला समजवावं तशी म्हणाली, "बाई, टँकर आला म्हणून सगळं पाणी त्याच दिशी पिऊन टाकतंय का कुणी?"

डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. त्या ओरडत होत्या तोवर मला काही वाटलं नव्हतं. गप्प झाल्या आणि माझ्या पायातली चप्पल घामानं निसटायला लागली.

हे सगळं बऱ्याच वर्षांपूर्वीचं. परवा गावात टँकर आला आणि पुन्हा आठवलं. परतीच्या पावसानं गेल्या साली आम्हाला बाहेरूनच रामराम केला, त्यामुळं यंदा होळीची राख गार व्हायच्या आत भोंगा वाजला. तो भोंगा ऐकला की गावातल्या बायांना हंडा आठवतो, पोरांना शर्यत आठवते, सरपंचाला निवडणूक आठवते. मला गोळी आठवते. एवढीशी, तांबूस पिवळी, मधोमध रेघ असलेली. त्या रेघेवर विळीचं पातं ठेवलं की बरोबर दोन तुकडे व्हायचे. पातं टेकताना एक बारीक 'टक्' आवाज येत असणार. मी तो ऐकलेला नाही, तरी भोंग्याच्या पाठोपाठ तो मला ऐकू येतोच.

त्या सालचा दुष्काळ सांगायचा म्हणजे माझ्यासारख्या माणसाची पंचाईत. वाढवून सांगायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. तरी सांगतो. वडवणीच्या अंगाला, डोंगराकडं तोंड करून आमचं गाव बसलंय. त्या साली विहिरीत बादली सोडली की बादलीच तहानलेली वर यायची. कावळे गावावरून उडताना आवाज न करता जायचे, खाली कुणी पाणी मागेल या भीतीनं. आणि मी गावच्या दूध संस्थेत फॅट काढायच्या कामाला. एरवी 'दुधात पाणी घालू नका बे' म्हणून माझा घसा कोरडा पडायचा. त्या साली घालायला पाणीच नव्हतं. गावानं आयुष्यात पहिल्यांदा खरं दूध आणलं! फॅटचं मशीन असा आकडा दाखवायला लागलं की वरच्या डेअरीतून साहेब धावत आला. म्हणाला, "दत्ता, तुमच्याकडं म्हशी आहेत का तुपाच्या विहिरी?" म्हटलं, साहेब, म्हशींबद्दल काय बोलायचं ते बोला, विहिरीचं नाव काढू नका.

पण पुढं दूधही आटलं. दुधाची गाडी गावातून रिकामी जायची आणि पाण्याची भरून यायची. वेशीवर दोघी समोरासमोर आल्या की ड्रायव्हर एकमेकांना हात करायचे. एक हात पाहुण्याला निरोप दिल्यासारखा आणि दुसरा पाहुणा आल्यासारखा. मग आमच्याच संस्थेनं माळावर जनावरांची छावणी काढली. उसाच्या वाढ्यांचा आंबूस गोड वास, शेणाचा वास, तापलेल्या ताडपत्रीचा वास आणि या सगळ्यांवर धुळीचा वास. तो वास अजूनही कधी भाकरीच्या पहिल्या घासाला येतो आणि घास तोंडातच फिरत राहतो.

आक्का तिच्या गायीला आणि एका बैलाला घेऊन छावणीत राहायला आली होती. दाजी ऊस तोडायला कर्नाटकात गेलते. एरवी नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या साली आक्का दुखण्यानं मागं राहिली म्हणून मुकादमानं दाजींना 'अर्धा कोयता' म्हणून नेलं. त्या वर्षी आमच्या घरात सगळंच अर्धं व्हायला लागलं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा काय, मी हसलो होतो. दाजींना म्हटलं, "दाजी, ऊसबी अर्धाच तोडा, बुडखा ठेवून या."

दुखणं आदल्या साली उसाच्या फडातच उघडं पडलं होतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई, तिला दुपारी बसल्याजागी झोप लागायला लागली. डाव्या कुशीत गोळा आला. गावातल्या शहाण्यांनी पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणून सांगितलं, वडवणीच्या डॉक्टरनं बीडला पाठवलं, बीडवाल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादला. तिथं कळलं की रक्तातलं दुखणं हाय, रक्ताच्या पांढऱ्या पेशी मोकाट सुटल्यात. आणि त्याच दमात हेही कळलं की त्याला गोळी हाय. "रोज एक. जन्मभर. जेवणावर, मोठा पेलाभर पाण्यासंगं. एवढं केलंत तर म्हाताऱ्या व्हाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आक्का येताना सबंध रस्ता हसत होती. म्हणाली, "दत्त्या, मरणाला गोळी हाय रे! मला वाटलं फक्त उंदराला असती."

गोळी आमच्याच देशातल्या कारखान्यात बनायची म्हणून आमच्या आवाक्यात. हीच गोळी, हेच औषध, परदेशी कंपनीच्या चकचकीत डबीतलं घ्यायचं म्हटलं असतं तर दूध संस्था, छावणी आणि वर चेअरमन तात्यांची मिशी विकूनही आमची मजल पाडव्यापासून रामनवमीपर्यंत गेली नसती. आमची दुधाची गाडी शहरात जायची, तिचा ड्रायव्हर महिन्याच्या गोळ्या आणायचा. आणि छावणीत रोज दुपारी भाकरी झाली की आक्का उठायची, स्टीलचा मोठा पेला काठोकाठ भरायची आणि गायीच्या आडोशाला जाऊन, सगळ्यांकडं पाठ करून, एका दमात रिता करायची. चोरून साखर खावी तशी. कारण आख्खा पेला पाणी एका दमात पिणारं माणूस त्या साली तालुक्यात दुसरं नसावं. बघणाऱ्यांचे घसे तिच्या घशासंगं हलायचे. तिला ते सगळं पाठीवर जाणवायचं. मला म्हणायची, "गोळी कडू न्हाई रे. पाणीच कडू लागतंय."

गोळीनं तिच्या पापण्या सुजायच्या. सकाळी उठली की डोळे बारीक व्हायचे, जत्रेतल्या मातीच्या बाहुलीसारखे. मी तिला 'चीनची राणी' म्हणायचो आणि ती मला शेणाचा गोळा मारायची. नेम असा, की बैलाच्या दोन शिंगांमधून गोळा यायचा आणि माझ्याच कानाला लागायचा.

मग एक दिवस तात्या बीडहून पेपर काखेत मारून आले. तात्या म्हणजे संस्थेचे चेअरमन, गावातली सगळ्यात काळी जमीन त्यांची आणि सगळ्यात पांढरी टोपीही त्यांचीच. छावणीत चिलमीचा, माफ करा, चर्चेचा फड बसला होता.

"ऐका बे," तात्या म्हणाले. "दिल्लीच्या कोर्टात कज्जा चाललाय. परदेशी कंपनी म्हणायली, गोळी आमची. दुसऱ्या कुणी बनवायची न्हाई. कोर्टानं हां म्हटलं की स्वस्त गोळी बंद."

"कोणची गोळी?" वैरण वाटणाऱ्या शेषेरावानं विचारलं.

"आपल्या आक्काचीच की."

"म्हंजी? आक्काच्या तोंडातून काढून न्हेतेत का काय?"

"तोंडातली न्हाई नेत. पुढची मिळायची न्हाई." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती तिथं ठेवली की ते न्यायाधीश होत. "आन् खरं सांगू का? कंपनीचं बरोबर हाय. विहीर ज्यानं खणली, पाणी त्याचं."

सगळे एकदम मिशीत हसायला लागले. कारण नुकतीच तहसीलदारानं तात्यांची विहीर ताब्यात घेतली होती. दुष्काळात आमच्याकडं असं होतं. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याची विहीर गावाच्या पिण्यासाठी सरकार काही काळापुरती घेतं, मालकाला भाडं देतं. तात्यांनी आधी मोटारीच्या खोलीला कुलूप ठोकलं होतं. बाया हंडे घेऊन कुलपासमोर उभ्या होत्या. एकही बाई बोलत नव्हती, नुसते हंडे एकमेकांवर टेकवत होत्या. कुलूप त्या आवाजानं वितळलं म्हणतात. निदान मी तरी सगळीकडं तसंच सांगतो.

"तात्या, हे कंपनीचं बोलायलाव का तुमच्या विहिरीचं?" शेषेराव म्हणाला.

"हस बे, हस! पाचवी विहीर हाय ती माझी. पहिल्या चार कोरड्या गेल्या, तवा कोण आलतं खणणावळ द्यायला? पाचवीला पाणी लागलं की सगळं गाव पावणं! औषधाचंबी तसंच असतंय. शंभर वाया जातेत तवा एक लागू पडतंय. त्यानं चार पैशे मिळवावे का न्हाई?"

"मिळवा की!" मी तडकलो. "कोण नको म्हणतंय? तुमाला भाडं मिळतंय ना? तसं त्येंलाबी द्या. पण कुलूप कावून? गाव तहानलं असताना कुलूप कावून?"

"आरं पण मालकी..."

"मालकी ऱ्हाऊ द्या की तुमचीच. विहिरीवर तुमच्या नावाची फरशी बसवा, तुमचा फोटो लावा टोपीसगट. पाणी सोडा."

"आन् असं हाय म्हणे," शेषेरावानं पेपर उलटा धरून वाचल्यासारखं केलं, "की विहीर जुनीच हाय. कंपनीनं नवा कठडा बांधलाय, आन् म्हणायली नवी विहीर समजा."

"कोण म्हणतंय तसं?"

"पेपरातच हाय. तुमीच आणलाय."

भांडण असं रंगलं की बैलांनी रवंथ थांबवून कान दिले. या सगळ्या गोंधळात आक्का वैरणीची पेंढी सोडत होती. अर्धी तिनं गायीपुढं टाकली आणि अर्धी पुन्हा बांधून, ताडपत्रीखाली सारून ठेवली. हे मी पाहिलं. आणि मला वाटलं, आक्का वैरण राखायली.

आमच्या बायांचं दुष्काळातलं शहाणपण म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी पायाला, पायाचं पाणी गायीच्या पेंडीत. टँकर येतो म्हणून ओठ ओले करायचे नाहीत, टँकर येणार नाही तो दिवस आजच आहे असं धरून चालायचं. रांजणाच्या तळाला नेहमी चार पेले पाणी असं राहू द्यायचं की घरधन्यालाही ठाऊक नसावं. याच शहाणपणावर आमच्या पिढ्या तगल्या. मलाही याच शहाणपणानं वाढवलं. त्यानं कुणाचा घात होईल असं स्वप्नातही आलं नसतं कुणाच्या.

त्यानंतर काही आठवड्यांत आक्काचे डोळे उघडले. खरंच उघडले. पापण्यांची सूज गेली. गालाची हाडं दिसायला लागली, जुनी आक्का दिसायला लागली. छावणीतल्या बाया म्हणाल्या, "गोळी मानवली हो बाईला." मी तर संस्थेत येईल त्याला सांगत सुटलो की आक्का अशी ठणठणीत झाली, अशी झाली, की काल तिनं बैलाला एका हातानं उचलून सावलीत ठेवलं. दाजींना फोनवर सांगितलं, ते तिकडं उसाच्या फडात रडले. दुपारचा पेलाही आता अर्धाच असायचा. कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नाही. ज्यांच्या आलं त्यांना बरंच वाटलं असणार.

सूज होती तेव्हा आक्का बरी होती आणि सूज गेली म्हणून आम्ही गूळ वाटला.

तपासणीला आम्ही दुधाच्या गाडीतूनच जायचो, ड्रायव्हरशेजारी. दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात खिडकीखाली एक बाक होता आणि त्या बाकावर उमापूरची सुवर्णा बसलेली असायची. कॉलेजातली पोर, ऐन उन्हाळ्यात लाल स्वेटर घालून. तिला थंडी वाजायची. शेजारी तिचे वडील, फडक्यात बांधलेली भाकरी मांडीवर घेऊन, कुणालाही 'या जेवायला' म्हणायला तयार. दुखणं आक्काचंच.

ही सुवर्णा म्हणजे माझी गुरू निघाली. पहिल्याच भेटीत मी तिला आमच्या तहानलेल्या बादलीची गोष्ट सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "मामा, म्हणजे तुमच्याकडं सुकाळच की. आमच्या उमापुरात मागं एक थेंब पडला तर तलाठी पंचनाम्याला आला. आभाळातून कुणीतरी कायतरी फेकलं म्हणून."

मी म्हटलं, "आमच्याकडं इंद्रधनुष्य निघतं, पण नुसतं तपकिरी."

"आमच्याकडं निघतं, आन् तहसीलदार त्यालाबी ताब्यात घेतो."

व्हरांड्यातली माणसं हसली. तोंडाला फडकी बांधलेली, डोक्यावरचे केस गेलेली, कुशीला हात लावून बसलेली माणसं. तिचे वडील हसले नाहीत. ते माझ्याकडं सरकून हळू बोलले, "पावणं, हिला ती गोळी लागू पडंना झालीय. पहिलं वरीस चांगलं गेलं. आता दुखण्यानं गोळीला वळखलंय म्हणे. दुसरी गोळी हाय, भारी हाय म्हणतेत, लगेच गुण येतोय. पण ती एकट्या कंपनीचीच. दुसऱ्या कुणाला बनवायची मुभा न्हाई."

"मंग?"

"मंग काय. बाईंनी कंपनीकडं अर्ज घातलाय. बघू."

तो 'बघू' मी दुष्काळात पुष्कळ ऐकला होता. आभाळाकडं बघून म्हणतात तो.

पुढच्या एका खेपेला आम्ही आत जाताना सुवर्णा म्हणाली, "मामा, पुढच्या खेपेला तयारीनं या. मी राखून ठेवलीय एक थाप. तुमी बाकावरून खाली पडताल."

त्याच दिवशी, थोड्या वेळानं, आतल्या खोलीत रक्ताचे आकडे चढलेले दिसले, आक्कानं अर्ध्या गोळीचं सांगितलं आणि डॉक्टरीणबाई ओरडल्या. आणि मग गप्प झाल्या.

गप्प झाल्यावर त्यांनी खुर्ची आक्काजवळ ओढली. आवाज इतका खाली आणला की पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. म्हणाल्या, "आक्का, अर्ध्या गोळीनं आजार मरत नाही. तो शिकतो. बाहेर ती पोरगी बसलीय ना, तिनं तर काही चूक केली नाही, तरी तिच्या आजारानं गोळी ओळखली. तुम्ही आपल्या हातानं त्याला ओळख करून देताय."

"पर बाई, पुढं मिळायची न्हाई म्हणतेत..."

"मिळेल की नाही ते मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एवढी मोठी डॉक्टर, आणि 'माहीत नाही' म्हणताना तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. "पण आजपासून आख्खी. पुन्हा रक्त तपासू. उशीर झाला नसला तर आकडे खाली येतील. उशीर झाला असला तर..."

पुढचं बाहेर लाल स्वेटर घालून बसलं होतं.

आमच्या घरी आल्यावर आक्कानं ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात कडुलिंबाचा पाला, पाल्यात अर्ध्या गोळ्या. ज्वारीला किडा लागू नये म्हणून पाला घालतात, तसा तिनं गोळ्यांनाही घातला होता. एवढी जपून ठेवली होती तिनं आपली मरणतारीख, कीड लागू नये म्हणून!

मी त्या अर्ध्या गोळ्या मोजायला बसलो, तीनदा मोजल्या आणि तीनदा आकडा वेगळा आला.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. माणूस भीतीला अंधारात शोधतो, पण आमची भीती भर दुपारी बसलेली असायची. पांढऱ्या उन्हात, ताडपत्रीखाली, पेल्याशेजारी. आक्का आख्खी गोळी खायची आणि आख्खा पेला भरायची, आता सगळ्यांच्या समोर, तोंड आमच्याकडं करून. शेजारणी आपल्या हंड्यातलं ओंजळभर पाणी तिच्या पेल्यात आणून ओतायच्या. तात्यांच्या घरून रोज एक कळशी यायची. तात्या कधी स्वतः आले नाहीत. कळशीवर झाकण मात्र असं घट्ट बसवलेलं असायचं की ते उघडायला मला गुडघा लावावा लागायचा.

आणि मी रोज सकाळी तिच्या पापण्या बघायचो. सूज येते का. येऊ दे रे देवा, सूज येऊ दे. लिंबागणेशला जाऊन नारळ ठेवून आलो. लोक गणपतीकडं पोरगं मागतात, पाऊस मागतात. त्या सालच्या रांगेत बहिणीचे डोळे सुजू दे म्हणणारा मी एकटाच असेन. कधी वाटायचं, आली. जवळ जाऊन बघितलं की धूर लागलेला असायचा चुलीचा. कधी वाटायचं, दुखण्यानं गोळीला ओळखलंय, रामराम घातलाय, आता दोघं चिलीम ओढत बसलेत आत.

आमच्याकडं दुष्काळ पडला की एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आधी माणसाचं पिणं, मग जनावराचं, मग पीक, मग कारखाना. यावर वाद होत नाही. कुलूपवाले तात्याही हा क्रम नाकारत नव्हते, ते फक्त आपली विहीर सोडून बोलत होते. माझ्या अडाणी डोक्याला तेव्हापासून एवढंच कळेना झालंय की दुखणं हा माणसाच्या अंगातला दुष्काळच नव्हे का? मग तिथं हा क्रम कुणी उलटा लावला? पाणी लागलेलं असताना, ते दिसत असताना, कठड्यावरून वाकून त्यात आपलं तोंडही दिसत असताना माणसानं तहानेनं मरायचं, हे कुठल्या तहसिलीत बसतं? विहीर खणणाऱ्याचे कष्ट मला मान्य आहेत. कोरड्या गेलेल्या चार विहिरींचंही मला वाईट वाटतं. पण मी हंडे टेकवणाऱ्या बायांच्या बाजूचा माणूस आहे आणि हंड्यांच्या आवाजाशिवाय कुठलं कुलूप निघालेलं मी पाहिलेलं नाही.

एका सकाळी आक्का तोंड धुवून आली आणि तिला मी दिसेना. म्हणजे मी समोरच उभा होतो, पण तिच्या पापण्याच उघडेनात. मातीच्या बाहुलीसारखे बारीक डोळे. मी असा नाचलो की छावणीतल्या जनावरांनी दावी तोडली. "चीनची राणी आली रे!" आक्कानं शेणाचा गोळा मारला. नेम चुकला. दिसतच नव्हतं ना.

त्याच सुमारास तात्या पुन्हा पेपर काखेत घेऊन आले. या वेळी ते लांबूनच ओरडत आले. दिल्लीच्या कोर्टानं कंपनीला सांगितलं होतं, कठडा नवा बांधला म्हणून विहीर नवी होत नाही. स्वस्त गोळी बंद होणार नव्हती. शेषेरावानं विचारलं, "तात्या, तुमचं तर म्हणणं होतं की..." तात्या म्हणाले, "गुमान वैरण वाट बे." आणि टोपी काढून आक्कापुढं उभे राहिले. या वेळी ती गुडघ्यावर ठेवली नाही, हातातच फिरवत राहिले.

पण डोळे सुजले म्हणजे गोळी पोटात गेली एवढंच. रक्तानं ती ऐकली की नाही, ते रक्तच सांगणार होतं. तपासणीला निघालो तेव्हा आभाळात रिकामे ढग हिंडत होते, निवडणुकीनंतर पुढारी हिंडतात तसे, कुणालाही न ओळखता. दुधाच्या गाडीत मी वाटभर एक थाप घोळवत होतो. सुवर्णासाठी. आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप, तात्यांची टोपी, टँकर आणि इंद्र यांची. दवाखान्यातली पाल हसून दुसरं शेपूट सोडील अशी.

आक्काला आत नेलं. मी दाराशी. डॉक्टरीणबाई कागद बघत होत्या आणि ओरडत नव्हत्या. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "आले खाली. आकडे आले खाली. पुन्हा असं केलंत ना आक्का, तर मी स्वतः येईन तुमच्या छावणीत!" आणि एकदम ओरडायला लागल्या. माझ्या आयुष्यात इतकं गोड मला कुणी ओरडलेलं नाही.

त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली. आक्का अजून दुपारी अंगणात पेला भरते, तोंड आमच्याकडं करून पिते, आणि तिचे डोळे अजून बाहुलीसारखे आहेत. कणगीतली पुरचुंडी तिनं फेकली की नाही हे मी विचारलेलं नाही. परवा भोंगा वाजला तेव्हा ती पेला हातात धरून नुसतीच उभी राहिली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

तर त्या दिवशी मी व्हरांड्यात आलो तो वाऱ्यावर. रडत होतो, हसत होतो, शिपायाच्या गळ्यात पडलो, भिंतीला पाया पडलो. माझ्या आवाजानं दवाखान्याच्या काचा थरथरल्या, रिक्षावाल्यांनी परत मीटर टाकले. "आक्का, गोळी जितली! दिल्लीत जितली, रक्तात जितली! चल आता, त्या पोरीला माझी थाप ऐकवू. बाकावरून खाली पडली पाहिजे ती. कुठाय ती?"

आक्का पदर नीट करत होती. खिडकीखालच्या बाकाकडं तिनं आत जाण्याआधीच पाहून घेतलं असणार.

"उमापूरची आज आली न्हाई," ती म्हणाली.